नसलेल्या रोगांचे डॉक्टर

निजामाच्या राज्यात असा एकही रोग नव्हता जो आमच्या दाजींनी शोधून काढला नाही, आणि त्यांनी शोधलेला असा एकही रोग नव्हता जो आपल्या राज्यात आहे असं सरकारनं मान्य केलं. जनावरांपासून माणसांना होणारे रोग हा त्यांचा विषय. हाच विषय का घेतलात असं मी एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “नुसते जनावरांचे रोग जनावरांच्या डॉक्टरांकडे जातात, नुसते माणसांचे माणसांच्या डॉक्टरांकडे. मधल्यांना कोणी वाली नाही.” पोरक्या मुलांबद्दल बोलावं तसं ते रोगांबद्दल बोलत. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. मुंबईला शिकून आलेले, पोटापुरते सरकारी नोकर, नांदेडच्या जनावरांच्या दवाखान्याचे डॉक्टर. गाव त्यांना सलोतरी म्हणे, कारण घोड्याबैलांच्या वैद्याला तिकडे तोच शब्द होता. ते स्वतःला संशोधक समजत, आणि अक्का त्यांना काय समजे ते ती माहेरी आली की सविस्तर सांगत असे.

अक्काला बघायला ते आले तेव्हा पोह्यांच्या बशा मीच आत-बाहेर करत होतो, म्हणून जे झालं ते माझ्यासमोर झालं. बरोबरच्या काकांनी रीतीप्रमाणे नाव विचारलं, स्वयंपाकाचं विचारलं, आणि मुलाकडे वळून म्हणाले, “तुला काय विचारायचं ते विचार.” दाजींनी बराच वेळ अंगणाकडे पाहिलं. मग विचारलं, “ती शेळी तुमचीच का? दिवस भरायच्या आत कधी गाभडली होती का?” वडिलांचा चमचा तोंडाशी थांबला. अक्कानं मान वर न करता उत्तर दिलं, “मागल्या साली एकदा. माझ्याबद्दल काही विचारायचं असेल तर तेही विचारून घ्या.” “नाही, बाकी सगळं ठीक आहे,” दाजी म्हणाले आणि लग्न ठरलं. आपल्याला नवऱ्यानं नाही, शेळीनं पसंत केलं, असं अक्का पुढं आयुष्यभर सांगत राहिली.

रस्त्यात कोणी भेटलं की दाजी आधी म्हशीची खुशाली विचारत, मग बैलांची, आणि वेळ उरला तर घरच्यांची. बोलता बोलता समोरच्याचा हात हातात घेत. लोकांना वाटे, केवढा हा जिव्हाळा. दाजी नखांच्या मुळाशी काही दिसतं का ते बघत असत. नांदेडला एक म्हातारे वकील तापानं वारले. भेटायला आलेले लोक ‘देवाची इच्छा’ वगैरे म्हणून उठत होते. दाजी वकिलीणबाईंजवळ बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “शेवटी शेवटी गोठ्यात जात होते का?” त्या बाई तासभर बोलल्या. वकील कोणत्या गायीला काय म्हणत, धार कोणत्या हातानं काढत, दूध तिथंच तांब्यातून कसं पीत, सगळं सांगितलं. जाताना म्हणाल्या, “इतक्या माणसांत तुम्हीच तेवढं त्यांच्याबद्दल विचारलंत.” दाजींचे डोळे भरून आले होते. ते खोटं नव्हतं. आपल्याला हवा तो पुरावा गोठ्यात सापडला याचाही त्यात वाटा होता, इतकंच.

त्यांच्या घरी दूध इतक्या वेळा उकळत की त्याला दुधाची चव राहत नसे. दारात लाल औषधाची बादली असे. तीत हात बुडवल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. त्यामुळे त्या घरातल्या सगळ्यांचे तळवे बारा महिने विटकरी रंगाचे, आणि बाजारात लांबून ओळखू यायचे. सूक्ष्मदर्शक यंत्र देवघराच्या कोनाड्यात, कारण घरात तेवढीच एक जागा धुळीपासून दूर. खंडेनवमीला अक्का हत्यारांबरोबर त्याही यंत्राला हळदकुंकू लावून झेंडू वाही. पुढचे आठ दिवस दाजींना प्रत्येक नमुन्यात झेंडूचे पराग दिसत, आणि ते म्हणत, “तुझ्या भक्तीपायी एक नवीन रोग जाहीर करता करता राहिलो.”

प्लेगच्या साली उंदीर पडायला लागले की नांदेड रिकामं होई. लोक भांडीकुंडी घेऊन रानात झोपड्या घालून राहत. गाव बाहेर निघालेलं असताना दाजी बिस्किटांचा डबा आणि लांब चिमटा घेऊन गावात जात. नाक्यावरच्या शिपायानं एकदा हटकलं, “साब, सब लोगां बाहर आ रहे, आप अंदर कायको जा रहे?” “म्हणूनच,” दाजी म्हणाले. “गर्दी नसते.” संध्याकाळी ते झोपडीशी परत येत, तेव्हा अक्का त्यांना लांब उभं करून अंगावर बादल्या ओती, आणि शेजारच्या झोपड्यांतले लोक जेवणं थांबवून तो सोहळा बघत. डब्यात काय आहे हे विचारण्याची कोणाची हिंमत नव्हती. एका बाईनं मात्र एकदा अक्काला कुजबुजत विचारलं, “सरकार पगारात उंदरं देऊन राहिलं का हो आजकाल?”

हे सारं ते हैदराबादला कळवत. त्यासाठी उर्दू शिकले, आणि इतकी सुबक शिकले की कचेरीतले लोक मजकूर सोडून अक्षराचं कौतुक करत. उत्तर ठरलेलं असे: प्रकरण जेरे-गौर आहे. म्हणजे विचाराधीन. सुरुवातीची काही वर्षं दाजींना यातून आशा वाटे. सरकार विचार करतंय म्हणजे लहान गोष्ट नाही. शेळीच्या कच्च्या दुधातून येणारा चढउताराचा ताप त्यांनी नांदेड जिल्ह्यात दाखवून दिला आणि पुस्तकात त्याला माल्टा ताप म्हणतात असं लिहिलं, तेव्हा मात्र विचार झाला आणि निराळं उत्तर आलं. माल्टा हा मुलूख या सुभ्यात येत नाही, सबब हा ताप त्या मुलखाच्या अधिकाऱ्यांकडे वर्ग करावा. दाजींनी ते उत्तर मला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांना हसू यायला लागलं होतं, एवढं माझ्या लक्षात आहे.

पण त्यांचा खरा जीव अडकला होता तो शेंब्यात. शेंबा हा घोड्यांचा रोग. नाक वाहतं, अंगावर गाठी येतात, घोडं झिजत जातं. आणि घोड्याच्या नाकातला चिकटा माणसाच्या एखाद्या खरचटलेल्या जागी लागला तर माणसालाही तेच होतं. त्या काळात त्याच्यावर औषध नव्हतं. कायदा एकच होता: शेंब्याचं घोडं दिसलं की गोळी घालायची. अडचण अशी की हैदराबादच्या मोठ्या साहेबांनी हा रोग राज्यातून समूळ नाहीसा केला होता, आणि त्याबद्दल त्यांना दरबारात खिताब मिळाला होता. दाजींनी नांदेडच्या टांग्यांच्या घोड्यांत शेंबा आहे असं कळवलं, तेव्हा ते एका रोगाबद्दल बोलत होते. वरच्यांनी ते एका खिताबाबद्दल आहे असं वाचलं. साहेब स्वतः तंबू-खानसामे घेऊन तपासणीला आले, नदीकाठी दोन दिवस राहिले, तितर खाल्ले, एकाही घोड्याकडे न बघता नांदेडचे घोडे निरोगी असल्याचं सांगून गेले, आणि पाठोपाठ दाजींची बदली लातूरला झाली. मी लातूरच्या शाळेत मास्तर होतो, त्यामुळे मला आनंद झाला. दाजी म्हणाले, “घोडे तिथंही असतीलच.”

शेंबा सिद्ध करायला एक खास औषध लागे. त्याचे थेंब घोड्याच्या डोळ्यात टाकायचे. रोगी घोड्याचा डोळा काही तासांत सुजून पुवानं वाहू लागतो, निरोगी घोड्याला काहीही होत नाही. हे थेंब उत्तरेकडच्या एका प्रयोगशाळेतून मागवावे लागत, आणि कित्येक अर्जांनंतर त्यांची एक कुपी दाजींच्या नावानं निघाली. थंड जागी ठेवा आणि जपून हाताळा, आत रोगजंतूंपासून केलेलं औषध आहे, असं खोक्यावर ठळक लिहिलेलं होतं. खोकं चुकून थेट मुदखेडच्या जंक्शनवर जाऊन उतरलं. तिथं कोणीतरी वरचा मजकूर मोठ्यानं वाचला, आणि एकही हमाल खोक्याला हात लावेना. चैत्राच्या उन्हात ते फलाटाच्या टोकाला पडून राहिलं, लांबून वळसा घालून लोक जात राहिले. शेवटी दाजी स्वतः जाऊन ते उचलून घेऊन आले. खोकं तापलेलं होतं. “कुपी घट्ट बंद आहे,” ते मला म्हणाले. मी काहीच विचारलं नव्हतं.

त्याच वैशाखात मुरुडजवळच्या एका गावच्या देशमुखांकडे मुलीचं लग्न निघालं. देशमुखांची मुलं माझ्या वर्गात होती, दाजी सरकारी हुद्देदार, म्हणून आम्हा सगळ्यांना आदल्या दिवसापासूनचं आमंत्रण. अक्कानं बजावलं होतं, “लग्नघर आहे. तिथं कोणाचे डोळे-जिभा बघू नका.” दाजींनी ते पाळलं. माणसांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. थेट पागेत गेले.

तिथं घोडी बांधलेली होती. पंचकल्याणी, चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. देशमुखांनी मार्गशीर्षात माळेगावच्या जत्रेत घेतली होती. जावई तिच्यावर बसून मांडवात येणार आणि लग्नानंतर निलंग्याकडे आपल्या घरी घेऊन जाणार, असा बेत. तिकडे मोठी पागा, तिच्यात डझनभर घोडी, आणि घर लेकराबाळांनी भरलेलं. घोडीची निवड केली होती सरकारी पागेतून निवृत्त झालेल्या एका जमादारानं. या गृहस्थांना अंगावरचे भोवरे बघून घोड्याचं, आणि त्याच्या मालकाचं, भविष्य सांगता येई. गळ्याखालचा भोवरा म्हणजे देवमण. तो असला की घरात बरकत. डोळ्याखालचा भोवरा म्हणजे आंसूढाळ. तो असला की घरात रडारड. घोड्याचे दात, खूर, श्वास यांत जमादारांना रस नव्हता. ते कामं करायला खालची माणसं असतात, असं त्यांचं मत होतं.

दाजींनी घोडीची एक नाकपुडी पाहिली. ती चिकट होती. जबड्याखाली बोटं फिरवली. सुपारीएवढी गाठ होती. बाहेर आले ते त्यांचा चेहराच बदलला होता. इतका आनंद आणि इतकी भीती मी एका चेहऱ्यावर पुन्हा पाहिलेली नाही.

“देशमुखसाहेब, ही घोडी लग्नात नेऊ नका. हिला शेंबा असण्याचा संभव आहे.”

“सर्दी हाय ओ तिला,” देशमुख म्हणाले. “मांडवाची धूळ लई उडून राहिली.”

“हा रोग माणसालाही होतो. माणूस वाचत नाही. तुमच्या मुलीच्या सासरी लहान मुलं आहेत.”

जमादार मिशीवरून हात फिरवत म्हणाले, “डाक्टरसाब, देवमन है इसके गले पे. देवमनवाला जानवर कब्भी बीमार नै पडता.”

“रोगजंतूंना भोवरे वाचता येत नाहीत,” दाजी म्हणाले.

थेंब टाकून बघू, या गोष्टीला देशमुख तयार झाले ते विज्ञानासाठी नव्हे. हे थेंब फार लांबून मागवलेले आहेत आणि मराठवाड्यात अजून कोणाच्याही घोड्याला मिळालेले नाहीत, असं मी म्हणालो. त्यांनी ते पाहुण्यांना ऐकू गेलं का ते आधी बघितलं आणि मान हलवली. दाजींनी घोडीच्या डाव्या डोळ्यात थेंब टाकले.

सकाळी डोळा सुजून बंद झाला होता आणि कडेनं पिवळं पाणी गालावर ओघळत होतं. दाजींनी सगळ्यांना बोलावलं. बारा-पंधरा वर्षं ज्याच्यासाठी घालवली ते समोर उभं होतं आणि खरारा मागत होतं. ते बोलायला लागले: रोग, कायदा, गोळी. देशमुखांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“डॉक्टर, डोळ्यात औषध तुमीच घातलं. अन् डोळा आला हेबी तुमीच सांगून राहिलात. म्या आता तुमच्या डोळ्यात चिमूटभर तिखट घालतो. रडताव का न्हाई बघू. मंग तुमालाबी शेंबाच म्हणायचा का?”

सगळे हसले. दाजी मात्र चमकले. “बरोबर आहे तुमचं,” ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या संशोधनावर कोणी घेतलेला हा पहिला रास्त आक्षेप होता, आणि तो ऐकून त्यांना बरं वाटलं हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. “दुसरा निरोगी घोडा द्या, त्याच्या डोळ्यात टाकून दाखवतो.”

“एकाची वाट लावली तेवढं बास झालं.”

तेव्हा दाजींनी मान मागं टाकली, आणि काय करताहेत हे कळायच्या आत तेच थेंब स्वतःच्या डाव्या डोळ्यात टाकले. बायकांच्या बाजूला अक्का उभी राहिली. “निरोगी डोळ्याला यानं काही होत नाही,” दाजी डोळा मिचकावत म्हणाले. “संध्याकाळी गोरजमुहूर्ताआधी बघा. माझा डोळा कोरडा राहिला तर घोडी नेणार नाही, असं कबूल करा.” देशमुखांनी हसत हसत कबूल केलं. अक्का माझ्याजवळ येऊन म्हणाली, “नांदेडला टांग्यांच्या त्या घोड्यांची नाकं यांनी उघड्या हातांनी बघितली होती ना रे?” मी म्हणालो, “बघितली असतील.” मला त्या वेळी तिच्या प्रश्नाचा रोख कळला नाही.

तो दुपारच्या पंगतीत कळला. दाजी माझ्या शेजारी जेवत होते. वाढपी पुरण घेऊन पुढं सरकला आणि थांबून म्हणाला, “ठेचा जास्त झाला व्हय डॉक्टर?” मी वळून पाहिलं. दाजींचा डावा डोळा लाल झाला होता आणि त्यातून पाणी गालावरून पानात पडत होतं. दाजी जेवत राहिले. घास घेत, चावत, पुन्हा घास घेत. डोळा पुसण्याचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. पुसला तर लक्षण नीट बघता आलं नसतं.

पंगत उठेपर्यंत डोळा मिटला होता. मग जी हसाहस झाली ती लग्नात क्वचित होते. कोणी म्हणालं, घोडी अन् डॉक्टर एकाच डोळ्यानं रडून राहिलेत. देशमुख मांडवाच्या खांबाला टेकले होते. त्यांना उभं राहवेना. “डॉक्टर, कायद्यानं तुमालाबी गोळी घालाया पायजे की आता!”

“तो कायदा माणसांना लागू नाही,” दाजी म्हणाले. आजूबाजूला मुलं जमली होती. त्यांच्यापासून ते चार पावलं मागं सरकले.

घोडीचं काय झालं ते सांगतो, कारण दाजींचा एवढा एक उद्देश पूर्ण झाला. जमादार पागेतून आले, वाहता डोळा बघून त्यांनी कानाला हात लावले आणि निकाल दिला: डोळ्याखाली भोवरा असलेलं जनावर वाईट, पण लग्नाच्या दिवशी प्रत्यक्ष आसू ढाळणारं जनावर त्याहून वाईट. देवमणाचं काय, असं कोणी विचारलं, तर म्हणाले, “मैं तो जत्रेमेंच बोला था, जरा सोचो.” घोडी ताबडतोब लांबच्या शेतावर गेली. नवरदेव बैलगाडीतून आला. देशमुखांच्या आईसाहेबांनी ती अपशकुनी कुपी लिंबू-बिब्ब्याबरोबर शिवेबाहेर पुरायला पाठवली, आणि थेंब पुन्हा तपासून बघायची सोयही संपली. म्हणजे घोडी लग्नात नेऊ नये हे दाजींचं म्हणणं सगळ्यांनी ऐकलं, आणि त्यातल्या एका अक्षरावरही कोणी विश्वास ठेवला नाही.

लातूरला आल्यावर दाजींनी आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत नेलं. ताट-वाटी वेगळी केली, आपल्या लहान मुलीला खोलीत यायला बंदी केली. मला दारापाशी उभं करून समजावून सांगितलं, वर्गात सांगावं तसं. “दोनच शक्यता आहेत. थेंब चांगले असतील, तर घोडीला शेंबा आहे आणि मलाही आहे. नांदेडला लागला असणार. किंवा थेंब मुदखेडच्या उन्हात नासले असतील, कोणाच्याही डोळ्याला झोंबले असते. मग घोडी निरोगी, मी निरोगी, आणि माझ्या हातात शेंब्याचा कसलाही पुरावा नाही. महिना-दीड महिन्यात कळेल.”

म्हणजे एकतर त्यांचं संशोधन खरं ठरायचं, नाहीतर ते जगायचे. दोन्ही एकदम होण्याची सोय नव्हती. आमच्या घरात कधी नव्हे ते सगळे देवाकडे एकच मागणं मागू लागले, की या माणसाच्या आयुष्यभराचं म्हणणं चुकीचं निघू दे. वडिलांनी औंढ्याला अभिषेक सांगितला. दाजींना कळलं तेव्हा म्हणाले, “संकल्पात नक्की काय म्हणालात? शब्द नीट हवेत.”

रोज सकाळी ते आपला ताप बघत, आरशात नाक बघत, काखेतल्या गाठी चाचपत. अक्का उंबऱ्याबाहेर ताट ठेवी आणि निघून जाण्याऐवजी तिथंच बसे. एकदा मी अंगणात होतो तेव्हा तिनं विचारलं, “खरं सांगा. तुम्हाला काय व्हावंसं वाटतं?”

दाजी इतका वेळ बोलले नाहीत की अक्का रडायला लागली.

“तू विचारतेस म्हणून सांगतो,” ते म्हणाले. “आज सकाळी ताप नव्हता. ते बघून मला आधी वाईट वाटलं. मग बरं वाटलं. क्रम उलटा असायला हवा होता.”

“उद्या नीट लावा क्रम,” अक्का डोळे पुसत म्हणाली. “भाजी गार होतेय.”

महिना गेला, आणखी काही दिवस गेले. एका सकाळी दाजींनी अंघोळ केली, स्वतःचं अंथरूण गुंडाळून आत आणलं आणि आमच्या पंगतीत येऊन बसले. “थेंब खराब होते,” एवढंच म्हणाले. मुलगी त्यांच्या मांडीवर चढली. अक्का वाढत राहिली. भात वाढून झाला होता तरी वाढत राहिली. जेवल्यावर त्यांनी हैदराबादला कळवलं, की देशमुखांच्या घोडीबद्दल आपला अंदाज चुकला, तिला शेंबा नाही. आतापर्यंतचं सर्वांत लवकर उत्तर त्याला आलं. सरकारला हे वाचून संतोष झाला होता. त्यांचं एवढं एकच म्हणणं सरकारनं कधी ताबडतोब मान्य केलं.

मग ते मला घेऊन देशमुखांकडे गेले आणि चारचौघांत हात जोडून म्हणाले की घोडी निर्दोष आहे, आपली चूक झाली, तिला परत पागेत घ्या.

“रोग नव्हता हे मला पयलंच ठावं व्हतं,” देशमुख म्हणाले. “पर लगीनघरात रडली की ती! असलं जनावर दारात ठिवू व्हय?”

“ती माझ्या थेंबांमुळे रडली हो.”

“मंग तुमीच न्या.”

दाजींनी खरंच नेली. घोड्यावर बसता येत नसल्यामुळं तिचा लगाम धरून मुरुडपासून लातूरपर्यंत चालत आले. पहिलं वर्ष तिला परसात वेगळी बांधली आणि कोणाला जवळ जाऊ दिलं नाही. आपण म्हणालो निरोगी, पण खात्री कोणी केलीय, असं त्यांचं म्हणणं. अक्कानं तिचं नाव साळू ठेवलं आणि लांबूनच गुळाचे खडे फेकायला सुरुवात केली. रोज सकाळी दाजी तिच्या नाकपुड्या बघत, जबड्याखालची गाठ अंगठ्यानं चाचपत. गाठ वाढली नाही आणि गेलीही नाही. थंडीत नाक थोडं वाही, उन्हाळ्यात थांबे. साळू मान खाली करून उभी राही. तिला वाटे हा लाडच आहे, आणि हळूहळू तो तसा झालाही. लातूरच्या लोकांना सकाळी फिरायला निघालेले दाजी आणि पुढं-मागं होत बरोबर चालणारी ती पंचकल्याणी घोडी, हे दृश्य इतकं सवयीचं झालं की ती कोणाची, आणि तिच्यावर कोणी बसत का नाही, हे विचारणं लोकांनी सोडून दिलं.

मधे राज्य बदललं. नवे अधिकारी आले, त्यांनी जुन्या राज्याचे सगळे आकडे खोटे ठरवले, आणि शेंबा नाही हे तेवढं खरं धरून पुढं चालवलं. दाजी निवृत्त झाले. एका दुपारी साळू परसात आडवी झाली ती उठली नाही. मी तिथंच होतो. दाजींनी पेटीतून सुऱ्या काढल्या आणि अक्काला पाणी उकळायला ठेवायला सांगितलं. मेलेलं जनावर उघडून पाहिल्याशिवाय त्यांनी कधी मातीत जाऊ दिलं नव्हतं. ज्याचं-त्याचं दुःख तिथंच थांबवून ते आधी आत काय आहे ते बघत. ती गाठ आणि फुप्फुसं एकदा कापली असती, तर शेंबा होता की नव्हता याचा निकाल त्याच ठिकाणी लागला असता. थेंब, मुदखेडचं ऊन, वाहता डोळा, सगळ्याचा. निघाला असता तर ते बरोबर होते, आणि आता त्यासाठी त्यांना मरावंही लागणार नव्हतं.

बादली घेऊन मी मागोमाग गेलो. दाजी तिच्या डोक्याजवळ उकिडवे बसले आणि जबड्याखालच्या गाठीवर अंगठा ठेवला. रोज सकाळी चाचपत तशी ती चाचपली. मग उठून मला म्हणाले, “पहार आण. आणि चुना.” साळूला परसातच, शेवग्यापलीकडे, अख्खी पुरली.

घरात आल्यावर अक्कानं विचारलं, “काय निघालं?”

“उघडली नाही.”

“का हो?”

“घरातली होती ती,” दाजी म्हणाले.

 चुलीवर अजून उकळत असलेलं भांडं अक्कानं खाली उतरवलं.